शिरस्त्राणाचे बंद

जिंकलेल्या माणसाने हरलेल्याच्या देखत आनंद करावा की करू नये, हा प्रश्न वरवर पाहता लहान आहे. निवडून आलेल्या उमेदवाराची मिरवणूक पडलेल्या उमेदवाराच्या दारावरून वाजत जाते; कोर्टात दावा जिंकलेला भाऊ हरलेल्या भावाच्या ओसरीसमोर फटाके लावतो; पहिल्या आलेल्या मुलाचे पेढे नापास झालेल्या मुलाच्या घरी आवर्जून पोचते होतात. या प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न उभा असतो, पण 'जगाची रीतच आहे' असे म्हणून आपण तो सोडून देतो. आमच्यापुढे तो एका खेळाच्या निमित्ताने आला, आणि तोही आपल्याकडे फारसा न खेळल्या जाणाऱ्या खेळाच्या. तेव्हा वाचकांनी थोडा वेळ आमच्याबरोबर अमेरिकेतल्या एका मैदानावर यावे, ही विनंती.

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसपासून जवळच अनाहाइम नावाचे शहर आहे. तेथील बेसबॉलच्या संघाचे नाव एंजल्स, म्हणजे देवदूत. (हे नाव लॉस एंजेलिसवरून पडले आहे, खेळाडूंच्या वागणुकीवरून नव्हे, एवढे सांगून ठेवतो.) बेसबॉलमध्ये फलंदाजाने चेंडू मैदानाच्या कुंपणापलीकडे भिरकावला की त्यास होम रन म्हणतात. आपल्या क्रिकेटमधील षटकारासारखाच हा प्रकार, पण षटकारापेक्षा दुर्मीळ आणि म्हणून अधिक मोलाचा. होम रन मारणारा गडी मैदानाची ठरलेली फेरी पुरी करतो आणि मग मैदानाच्या कडेला, जमिनीत थोडी खाली उतरलेली जी आपल्या संघाची बैठक असते, जिला डगआउट म्हणतात, तेथे परततो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये एंजल्सच्या डगआउटात या परतणाऱ्या गड्यासाठी एक नवी वस्तू येऊन बसली. ती म्हणजे जपानी सामुराई योद्ध्याचे शिरस्त्राण. जपानी भाषेत त्याला काबुतो म्हणतात. कपाळावर शिंगांसारखी दोन उंच पाती, मागे मानेवर उतरणारी पट्ट्यांची झालर, असे ते भारदस्त प्रकरण. सोबती ते त्याच्या डोक्यावर चढवीत, आणि तो ते सावरीत, हसत, रांगेने उभ्या असलेल्या साऱ्यांच्या हातांवर हात मारीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. वस्तू खेळण्यांच्या दुकानातली नव्हती. जपानच्या क्यूशू बेटावर, कागोशिमा प्रांतातील सात्सुमासेन्दाई येथे मारुताके सांग्यो नावाचा कारखाना आहे. चित्रपटांसाठी आणि उत्सवांच्या मिरवणुकांसाठी तेथे जुन्या धर्तीची चिलखते बनतात. तेथले हे काम. संघात त्या वेळी शोहेई ओतानी हा जपानी खेळाडू होता. चेंडू फेकण्यात आणि मारण्यात तो सारखाच तरबेज. त्या एका मोसमात त्याने ४४ होम रन मारले.

अशी खुळे इतर संघांतही आहेत. २०२१ साली बॉस्टनचे खेळाडू होम रन मारणाऱ्या गड्याला धुण्याच्या कपड्यांच्या ढकलगाडीत बसवून डगआउटमध्ये फिरवीत. टोरोंटोवाले त्याला एक निळा कोट चढवीत, ज्याच्या पाठीवर संघातील खेळाडूंच्या देशांची नावे होती. पण ढकलगाडी ही ढकलगाडी. शिरस्त्राणाची गोष्ट वेगळी.

एका तरुण मित्राने मोबाइलवर ती चित्रफीत दाखविली तेव्हा आमच्या कपाळाला आठी पडली, हे कबूल केले पाहिजे. आमचे दोन आक्षेप होते. दुसऱ्या लोकांच्या पूर्वजांची मानाची वस्तू उचलायची आणि तिचे सोंग करायचे, हा एक. आणि ज्याचा चेंडू कुंपणापलीकडे गेला तो फेकणारा बिचारा मैदानाच्या मधोमध मान खाली घालून उभा असताना इकडे हा तमाशा मांडायचा, हा दुसरा. मित्राने ऐकून घेतले आणि विचारले, "काका, ज्यांची ती वस्तू आहे, त्यांना काय वाटतं ते पाहिलंत का?"

आम्ही पाहिले नव्हते. मग पाहिले.

जपानात ५ मे हा मुलांचा दिवस. मुलगा असलेल्या घरांतून त्या सुमारास लहानसे शिरस्त्राण किंवा चिलखत घातलेली बाहुली मांडून ठेवतात; मूल निरोगी राहावे, त्याच्यावरचे अरिष्ट टळावे, असा त्यामागचा भाव. आणि शाळेत जाणारी पोरे वर्तमानपत्राच्या कागदाची घडी घालून तेच शिरस्त्राण करतात आणि डोक्यावर घालून अंगणात लढाया खेळतात. म्हणजे ज्या वस्तूशी परक्यांनी खेळू नये असे आम्हांला वाटत होते, तिच्याशी घरचीच मुले पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली आहेत. मानाची वस्तू आणि खेळाची वस्तू यांत आम्ही घातलेली भिंत त्या घरात नाहीच.

तथापि, घरच्यांनी खेळणे आणि परक्यांनी खेळणे एक नव्हे, हेही खरे. अमेरिकेतच क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघाने अनेक दशके आपल्या टोपीवर एका मूळ अमेरिकन माणसाचे लालभडक, दात काढून हसणारे व्यंगचित्र मिरविले. ज्यांचे ते चित्र होते ते लोक वर्षानुवर्षे मैदानाच्या दाराशी उभे राहून 'हे आम्हांला नको' म्हणत होते. २०१८ च्या मोसमानंतर ते चित्र गणवेशावरून उतरले, आणि २०२२ पासून संघाचे नावही बदलले. तेथे नको म्हणणारा दाराबाहेर उभा होता आणि आत कोणी ऐकत नव्हते. अनाहाइमला ज्याची वस्तू तो आत, सोबत्यांच्या रांगेत उभा होता, आणि पाळी आली तेव्हा त्याने स्वतः ती डोक्यावर घेतली.

याच भूमीची आणखी एक आठवण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका हुकुमावर सही केली, आणि त्या हुकुमान्वये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाची सुमारे १,२०,००० माणसे घरेदारे, दुकाने, शेते सोडून काटेरी तारांमागच्या छावण्यांत गेली. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, तबेल्यांतून, कित्येक कुटुंबांना महिनोन्‌महिने ठेवले होते. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अनेक घरांनी जपानी पुस्तके, चित्रे, बाहुल्या रातोरात जाळल्या किंवा परसात पुरल्या, कारण जपानशी नाते सांगणारी वस्तू घरात सापडणे धोक्याचे होते. मुलासाठी मांडलेली शिरस्त्राणेही त्या राखेत असतील. आणि नवल असे की, छावणीत गेल्यावर या माणसांनी काय केले, तर बेसबॉलची मैदाने आखली. ॲरिझोनाच्या वाळवंटात, हिला नदीकाठच्या छावणीत, केनिची झेनिमुरा नावाच्या खेळाडूने आपल्या मुलांना आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून झाडेझुडपे उपटली आणि प्रेक्षकांच्या बैठकीसह पुरे मैदान उभे केले. सरकारने या अन्यायाबद्दल कायद्याने क्षमा मागितली ती १९८८ साली, आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर दिले.

ज्या प्रदेशात ८१ वर्षांपूर्वी ही वस्तू घरात ठेवण्याची भीती होती, तेथेच २०२३ साली हजारो लोक ती पाहून टाळ्या वाजवीत होते. यातून फार मोठा निष्कर्ष काढण्याचा मोह आम्ही टाळतो. टाळ्यांनी जुने हिशेब फिटत नसतात. पण पहिला आक्षेप आम्ही मागे घेतला.

दुसरा तितक्या सहजी सुटत नाही. कारण त्याचे मूळ त्या शिरस्त्राणातच आहे.

जपानी भाषेत एक म्हण आहे: जिंकल्यावर शिरस्त्राणाचे बंद आवळ. लढाई संपली म्हणून हनुवटीखालची दोरी सैल सोडू नको, हा तिचा अर्थ. पूर्व जपानातील होजो घराण्याचा सरदार उजित्सुना याने १५४१ साली, मृत्यूच्या वर्षी, आपल्या मुलासाठी पाच कलमांचा उपदेश मागे ठेवला. त्यातले शेवटचे कलम हेच: मोठा विजय मिळाला की माणसाच्या मनात अहंकार शिरतो, आणि अशानेच घराणी बुडतात. तेथेही ही म्हण जुनी म्हणूनच येते. पुढे १९०५ साली रशियाच्या आरमाराचा धुव्वा उडविल्यावर नौसेनापती तोगो यांनी युद्धासाठी एकत्र आणलेला आपला नौदलाचा ताफा मोडताना जे भाषण केले, त्याचा शेवटही याच म्हणीने झाला. (देशाने ते किती ऐकले हे पुढच्या चाळीस वर्षांनी दाखविले, पण तो विषय निराळा.) आपल्या आजीच्या तोंडी 'उतू नये, मातू नये' हे शब्द असत, त्यांचीच ही बहीण शोभते. फरक इतकाच, की आपल्याकडे ते दुधाच्या पातेल्यावरून सुचले आणि तेथे लढाईच्या टोपावरून.

म्हणजे पाहा, जी वस्तू जपानी माणसाला सांगते की जिंकल्यावर सावध हो, तीच वस्तू अनाहाइमला जिंकल्याची मौज म्हणून डोक्यावर चढली, आणि तीही बंद न आवळता, कारण दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ती उतरवायची होती. ९ एप्रिल २०२३ रोजी टोरोंटोविरुद्ध ओतानीने होम रन मारला आणि पहिल्यांदा ते शिरस्त्राण घातले. एंजल्स त्या सामन्यात ६-० असे पुढे होते. सामना त्यांनी दहाव्या डावात १२-११ असा गमावला. आम्ही अंधश्रद्ध नाही. टोप घातल्याने कोणी हरत नाही. पण उजित्सुनाने हा सामना पाहिला असता तर त्याने मुलाकडे एकदा पाहिले असते, एवढे नक्की.

सामुराईंच्या तलवारबाजीतून आलेला केंडो हा खेळ आजही जपानात शाळाशाळांतून चालतो. बांबूच्या तलवारीने नेमका वार बसला, पंचांनी गुण दिला, आणि जिंकणाऱ्याने हर्षाने मूठ वर केली, तर तो दिलेला गुण पंच रद्द करू शकतात. वार केल्यावरही मन आणि शरीर समोरच्याकडे सावध राहिले पाहिजे, तरच वार पुरा झाला, असे तेथे मानतात. प्रतिस्पर्ध्याला विसरून जो नाचला, त्याने आपलाच वार अर्धा सोडला. आपल्या मुलांच्या क्रिकेटमध्ये हा नियम लावला तर किती विकेट शिल्लक राहतील, ते आम्ही मोजू इच्छीत नाही.

आणि एक शिरस्त्राण याहूनही पुढे जाते. ११८३ साली शिनोहाराच्या लढाईत साइतो सानेमोरी नावाचा वृद्ध योद्धा पडला. म्हातारा म्हणून शत्रूने दया दाखवू नये, यासाठी तो पांढरे केस काळे करून रणात उतरला होता. मारलेल्याचे मस्तक धुतले तेव्हा केस पांढरे निघाले आणि ओळख पटली. विजयी सेनापती किसो योशिनाका याला बाप मारला गेल्यानंतर तान्हेपणी ज्याने वाचविले होते, तोच हा सानेमोरी. योशिनाका रडला, असे कथा सांगते, आणि त्याने ते शिरस्त्राण कोमात्सु येथील ताडा देवळास अर्पण केले. ते आजही तेथे आहे. पाचशे वर्षांनी बाशो हा कवी तेथे गेला आणि ते पाहून त्याने एक छोटी कविता केली. जिंकलेल्याच्या घरी जपून ठेवलेले हे हरलेल्याचे शिरस्त्राण.

असे असता आनंदच करू नये काय? तसे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही, आणि याला कारण त्याच वर्षी, त्याच वसंतात, जपानात घडलेली दुसरी एक घटना.

मार्च २०२३ मध्ये बेसबॉलची जागतिक स्पर्धा झाली. जपानच्या संघात लार्स नूटबार हा खेळाडू होता. आई जपानी, जन्म अमेरिकेत. आपल्या अमेरिकन संघातून त्याने एक खूण आणली होती: चांगला फटका बसला की दोन मुठी एकमेकींवर ठेवून मिऱ्यांची चक्की फिरवल्यासारखे करायचे. ठेचत राहा, दळत राहा, चिकाटी सोडू नका, असा तिचा आशय. जपानी लोकांना ती इतकी आवडली की लहान मुले रस्त्यात चक्की फिरवू लागली. म्हणजे जपानचे शिरस्त्राण अमेरिकेत पोचण्याआधी तीन आठवडे अमेरिकेची चक्की जपानात घरोघर पोचली होती. उसनवारी दोन्ही बाजूंनी चालू होती.

१८ मार्च रोजी कोशिएन या प्रसिद्ध मैदानावर माध्यमिक शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला दिवस होता. तोहोकु शाळेचा पहिलाच फलंदाज समोरच्या क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे पहिल्या टप्प्यावर पोचला आणि त्याने आपल्या सोबत्यांकडे पाहून चक्की फिरवली. पंचांनी त्याला समज दिली. शाळेच्या प्रशिक्षकांनी उघड नाराजी व्यक्त केली: मुले मजेने खेळत आहेत, त्यांना मोठ्यांनी का अडवावे? शालेय बेसबॉल संघटनेचे म्हणणे असे पडले की, मौज करावीशी वाटते हे समजते, पण ती खेळातून दिसावी, हावभावांतून नको. देशभर वाद झाला.

आम्ही यात कोणाच्या बाजूचे? खरे सांगायचे तर मनाने प्रशिक्षकांच्या. सतरा वर्षांच्या मुलाला, आयुष्यात एकदाच मिळणाऱ्या मैदानावर, हसू नको म्हणणे आमच्याने व्हायचे नाही. पण एका गोष्टीपाशी आम्ही अडखळतो. तो पोचला होता दुसऱ्या एका मुलाच्या चुकीवर. ज्याच्या हातून चेंडू निसटला तोही सतरा वर्षांचाच असणार. त्याचेही आईबाप प्रेक्षकांत असतील. स्वतः मारलेल्या फटक्यावर चक्की फिरवली असती तर आम्ही पंचांना दोष दिला असता. दुसऱ्याच्या हातून सांडलेले उचलून 'मी मिळविले' म्हणणे, हे त्या मुलाच्या मनातही नसेल. पण पाहणाऱ्याला ते तसे दिसते, आणि ज्याच्या हातून सांडले त्याला तर नक्की दिसते.

आता अमेरिकेतलीच एक उलटी गोष्ट. १४ ऑक्टोबर २०१५ रोजी टोरोंटोच्या होजे बाउतिस्ताने टेक्सासविरुद्ध निर्णायक होम रन मारला, फेकणाऱ्याकडे रोखून पाहिले, आणि बॅट भिरकावून दिली. लोक त्या बॅटच्या भिरकावणीवर वर्षानुवर्षे बोलले. सात महिन्यांनी, मे २०१६ मध्ये, हेच दोन संघ भेटले तेव्हा टेक्सासच्या फेकणाऱ्याने बाउतिस्ताला चेंडू मारला, बाउतिस्ता त्यांच्या एका खेळाडूच्या पायांत जोराने घसरला, आणि त्या खेळाडूने त्याच्या जबड्यावर ठोसा लगावला. सात महिने तो राग कोणीतरी पोसून ठेवला होता. याउलट दक्षिण कोरियात बॅट भिरकावणे हा खेळाचाच भाग मानतात. कोणी मनावर घेत नाही. म्हणजे अपमान हावभावात नसतो असे म्हणावे, तर टेक्सासच्या गड्यांना तो दिसला. तो कोठे होता? आमच्या मते त्या रोखलेल्या नजरेत. बॅट नुसती निमित्ताला.

हे ध्यानात आल्यावर आम्ही अनाहाइमची चित्रफीत पुन्हा पाहिली. फेरी पुरी होईपर्यंत गडी सरळ धावतो. शिरस्त्राण बाहेर मैदानात येत नाही. ते खाली, आपल्या माणसांत, आपल्या माणसांच्या हातांनी डोक्यावर चढते. त्याला ते स्वतः उचलून घालता येत नाही असे नाही, पण घालतात दुसरे. आपल्याकडे फेटा बांधतात तसे. ज्याला बांधायचा त्याने मान वाकवायची असते. त्या मान वाकविण्यात आम्हांला काहीतरी दिसले, जे भिरकावलेल्या बॅटमध्ये दिसत नाही. त्याची पाठ हरलेल्याकडे होती आणि तोंड सोबत्यांकडे.

आणखी एक गोष्ट. २१ मार्च २०२३ रोजी मायामीत त्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. जपान ३-२ असे पुढे. चेंडू ओतानीच्या हाती. समोर शेवटचा फलंदाज अमेरिकेचा कर्णधार माइक ट्राउट, जो एरव्ही एंजल्समध्ये ओतानीचाच सोबती. ओतानीने त्याला बाद केले, आणि हातमोजा आणि टोपी हवेत फेकून दिली. केंडोच्या पंचांनी तो गुण रद्द केला असता. जपानच्या त्या संघाचे नावच 'सामुराई जपान'. आणि काही आठवड्यांत तोच ट्राउट अनाहाइमला होम रन मारून परतला तेव्हा त्याच्या डोक्यावर सामुराईचे शिरस्त्राण होते, आणि रांगेत ओतानी होता. दोघेही हसत होते. त्या हसण्यात मायामीची आठवण होती की नव्हती, ते त्या दोघांनाच ठाऊक. एंजल्सचा तो मोसम ७३ विजय आणि ८९ पराभव असा संपला, आणि वर्षअखेर ओतानी दुसऱ्या संघात गेला.

एक शंका मात्र आमच्या मनातून जात नाही. डगआउट ही पूर्वी खरोखर आडोशाची जागा असावी. खाली चाललेली मौज वरच्याला दिसू नये इतकी. आता तेथे कॅमेरा उतरला आहे. शिरस्त्राण रांगेतून कसे फिरले ते दूरदर्शनवर जगभर दिसते, मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर दिसते, आणि मुद्दाम मोठे करून दिसते. सोबत्यांकडे तोंड करून केलेला आनंदही अशा रीतीने फिरवून हरलेल्याच्या तोंडासमोर धरला जातो, आणि हे करणारा हात खेळाडूचा नसतो.

होम रन झाल्यावर जुना चेंडू प्रेक्षकांत गेलेला असतो. पंच फेकणाऱ्याला नवा चेंडू देतात. नवा चेंडू गुळगुळीत असतो, म्हणून तो दोन्ही तळहातांत घोळवावा लागतो. त्या चित्रफितीत शेवटी क्षणभर तो दिसतो: पाठमोरा, पडद्याकडे न पाहता चेंडू घोळवीत, पुढच्या फलंदाजाची वाट पाहत उभा.